आक्काचा मोगरा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३० मार्च १९९६

बाबासो लेका, रामराम.

रिटायर होऊन बिद्रीला गेलास ते मेलास का जगलास, एक कार्ड न्हाय. उभा जन्म पोरांस्नी गणित शिकवलंस, पर मैतराची आठवण काढावी एवढं साधं गणित तुला सुटलं न्हाय. हंबीरराव पी.टी. मास्तर, त्याचं डोकं गुडघ्यात, असं स्टाफरूममधी सगळ्यांस्नी सांगत हिंडायचास. आता बघ, पहिलं पत्र गुडघ्यानंच लिवलंय.

तर ऐक. गच्चीवर यंदा काटाकिर्र काम झालंय. आक्काचा बटमोगरा असा सुटलाय की पान दिसंना. आमच्या आक्कानं, म्हंजे आईनं, लगीन होऊन येताना माहेरनं आणलेलं झाड ते. आक्का गेली, झाड हाय. जानेवारीत पानं ओरबाडून काढली, पाणी तोडलं, चांगला ताण दिला, तवा आत्ता ही कळी दिसतीया. अखितीच्या सणाला पहिली ओंजळ घरच्या देवीला जाणार. आक्का असल्यापास्नं ह्यात कधी खंड पडला न्हाय आणि मी जित्ता हाय तवर पडायचा न्हाय. त्याशिवाय मदनबाण हाय, कवठी चाफा हाय. मे फ्लॉवरचं लाल चेंडू कुंडीतनं डोकी वर काढाय लागल्यात. चिनी गुलाब मातूर सकाळी धा वाजता उघडतंय, आपल्या हेडमास्तरागत. त्याच्याआधी तोंड दिसायचं न्हाय.

तुझ्या निरोपसमारंभाला सगळ्यांनी शाली दिल्या. मी आक्काच्या मोगऱ्याचं दाबाचं कलम दिलं. ते तू मारलं असशील ह्याची मला खात्री हाय. तुझ्या हाताला साधी मेथी उगवल असं वाटत न्हाय. आणि तिकडं बिद्रीच्या बाजूला ऊस सोडून दुसरं झाड लोकांस्नी म्हाईत तरी हाय का? फुलदाणीत उसाचं तुरंच लावत असशीला.

आमची कारभारीण शालू विचारती, मास्तर बरं हाईत का. बरा असशील तर लिही. मेला असशील तर पोरीला लिवाय सांग.

तुझा
हंबीर


बिद्री
११ एप्रिल १९९६

हंब्या,

तुझा रामराम पोचला, माझा जयभीम घे.

पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायला घेतल्या होत्या. निम्म्यातच पेन संपलं.

कलम जगलंय. नुसतं जगलं नाही, माजलंय. घराच्या पूर्वेला मोरीचं पाणी जातं तिथं जमिनीत लावलं. मोगऱ्याला पाय पसरायला जागा लागते रे. तू त्याला तिसऱ्या मजल्यावर पत्र्याच्या डब्यात कोंडतोस आणि वर त्याला बाग म्हणतोस. तशी तुझी सगळीच बाग मी पाहिलेली आहे. जिना चढून माणूस वर येतो तो फुलं बघायला नाही, धापा टाकायला. आणि ते मे फ्लॉवर तू का लावतोस तेही मला ठाऊक आहे. मैदानावर जन्मात कधी चेंडू सापडला नाही, म्हणून आता कुंडीत लावून बघतोयस. सापडला का?

माझ्याकडे मोगऱ्याशिवाय अनंत आहे, सोनचाफा आहे. दारात बहावा असा लोंबतोय की येणारे-जाणारे थांबतात. मी कुणाला पत्रं पाठवून सांगत बसलो नव्हतो, तू विचारलंस म्हणून लिहिलं.

वैशाखी पौर्णिमेला आम्ही बुद्धमूर्तीपुढे पांढरी फुलं ठेवतो. इतकी वर्षं बाजारातली ठेवली. यंदा घरची, तीही आक्कांच्या झाडाची असतील. एवढ्यापुरते तुझे आभार. डोक्यावर बसू नकोस.

थोरली संघप्रिया कोल्हापुरात नोकरीला लागली. मंगळवार पेठेत खोली घेतलीय. दर शनिवारी घरी येते. पुढच्या उन्हाळ्यात तिच्याबरोबर पाटीभर फुलं पाठवतो. एकदा बघ, म्हणजे तुझं तोंड बंद होईल.

बाबासो


शिवाजी पेठ
२६ मे १९९७

बाबासो,

तुझी पाटी मिळाली. संघप्रिया देऊन गेली. पोरगी गुणाची हाय, बापावर गेली न्हाय हे बरं झालं.

फुलाचं म्हणशील तर खोटं कशाला बोलू, ठीक हाय. मोठं हाय, पर वसतिगृहातल्या पोरागत नुसतं फुगलंय. माझ्या कुंडीतलं बारकं असतं पर वासानं जिना भरतो. तुझ्या फुलाला मोरीचा वास येतोय काय असं दोनदा हुंगून बघितलं. येत न्हाय. असं वाटलं एवढंच.

परातीत पाणी घालून भाईरच्या सोप्यात ठेवली. आला-गेला विचारतोय, कुठली फुलं? मी सांगितलं, आमच्या एका मास्तराच्यातनं आल्यात, त्याला दुसरं काय काम न्हाय. शेजारच्या पोरींस्नी गजरं वाटलं. उरली ती स्कूटरच्या हँडलला बांधून रंकाळ्यावर फिरून आलो. खालच्या आळीतला गुंडू, ज्याच्या गॅलरीत प्लास्टिकचं गुलाब हाय, तो टकामका बघत ऱ्हायला. त्याच्यापुढं नाक वर करून गेलो, तेवढ्यासाठी तुझी फुलं उपयोगी पडली.

आता तुझं ते अनंताचं एक कलम दे. न्हाय म्हणू नको, बेण्या.

हंबीर


बिद्री
१७ मे १९९८

हंब्या,

अनंताचं कलम पाठवलंय. जगवलंस तर मला कळव, मेलं तर शेजाऱ्यांना दोष दे, नेहमीसारखा.

यंदाचीही पाटी पोचली असेलच. संघप्रिया म्हणते, शालूबाई फार गोड बोलतात. बाहेरच्या जिन्यावर अर्धा तास उभं करून चौकशी करतात. तुझं घर आतून कसं आहे असं तिच्या आईनं विचारलं. तिला सांगता आलं नाही. मग मला विचारलं. मलाही सांगता येईना. शाळेत असल्यापासून कैक वेळा आलो, पण बाहेरच्या जिन्यानं नीट गच्चीवर, गच्चीवरून नीट खाली. तुझी बाग तेवढी पाठ आहे.

एक काम कर. ह्या फुलांतला एक गजरा आक्कांच्या फोटोला घाल. झाड त्यांचं आहे, पोरानं सांभाळलं नाही तरी मास्तरानं सांभाळलंय, हे त्यांना कळू दे.

बाबासो


शिवाजी पेठ
२० एप्रिल १९९९

बाबासो,

लई वाईट दिवस आलं बघ. तुला मागं कार्ड टाकलंतं की यंदा मोगरा रुसलाय. डबा गंजून तळ फुटला, मुळ्या भाईर आल्या, नव्या कुंडीत हलवला तर फुगून बसलाय. अखिती आली, झाडावर एक कळी न्हाय. एक न्हाय! आक्काच्या काळापास्नं असं झालं नव्हतं. मी सकाळी गच्चीवर नुसता येड्यागत बसून होतो.

आणि तवाच संघप्रिया पाटी घेऊन आली. रविवार असून मुद्दाम आली, म्हणाली बाबांनी अखितीसाठी पाठवलंय. आयला, काय फुलं लेका! नाद खुळा. यंदा कबूल करतो, असला बटमोगरा कोल्हापुरात कुणाच्या गच्चीवर न्हाय. शालूनं जिन्यातच पाटी घेतली, पोरीला च्या दिला, आणि पोरगी गेल्या गेल्या तशीच चप्पल घालून महाद्वार रोडला पळाली. तिथनं विकतचा गजरा आणला तवा कुठं देवीला फूल मिळालं. सुकलेला, पाणी मारून मारून काळा पडलेला गजरा. आक्का वरनं बघत असली तर काय म्हणत असल? तिच्या देवीला विकतचा गजरा! मला जेवण गोड लागलं न्हाय.

तुझ्या फुलांनी सगळा सोपा घमघमला बघ. नात मोना आलीया सुट्टीला, तिनं सगळ्या बाहुल्यांस्नी गजरं घातलं. एक कुत्र्याला घातला.

ह्या मोगऱ्याला काय करू सांग. तुला कळतंय असं न्हाय, पर दुसरं विचारायचं कुणाला.

हंबीर


बिद्री
२५ एप्रिल १९९९

हंबीर,

मोगऱ्याचं नंतर सांगतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग आधीची वाचली. गणिताचा मास्तर आहे, मांडून बघायची सवय जात नाही. माझ्या घरची फुलं तुझ्याकडे परातीत गेली, शेजारच्या पोरींच्या डोक्यात गेली, स्कूटरच्या हँडलला गेली, बाहुल्यांना गेली, कुत्र्याच्या गळ्यात गेली. देवीला एकदाही गेली नाहीत. आक्कांच्या फोटोला गजरा घाल म्हणून लिहिलं होतं, त्याचं तू उत्तरच दिलं नाहीस.

अखितीला तुझ्या झाडावर कळी नव्हती म्हणून मी पोरीला सुट्टीच्या दिवशी पहाटे उठवून पाठवली. पाटी तुझ्या दारात होती. फुलं ताजी होती, तूच लिहिलंयस. तरी शालूबाई बाजारात पळाल्या. का?

महाद्वार रोडवरचा तो गजरा कुणी ओवला, कुणाच्या रानातला, तुला ठाऊक आहे? नाही. म्हणून तो चालला. माझा ठाऊक आहे.

झाड तुझ्या आईचं आहे, हंबीर. मूळ तेच, पान तेच, फूल तेच. मग बाटलं काय तेवढं सांग. माझी माती, का माझं पाणी?

बाबासो


शिवाजी पेठ
४ मे १९९९

बाबासो,

डोकं फिरलंय काय तुझं? उन्हात बसून बसून मेंदू वाळला असल. फुलाचं पत्र लिवलं तर त्यातनं हे कसलं उकरून काढलंस?

अरं, मी तुझ्या डब्यातली सुकटीची चटणी खाल्ल्याली हाय. सगळ्या स्टाफसमोर, हेडमास्तराच्या नाकावर टिच्चून. ते इसरलास? मी शाहूंच्या गावचा माणूस हाय, मला हे शिकवू नको. माझ्या मनात तसलं काय असतं तर आक्काचं कलम दिलं असतं का तुला?

आता घरातलं म्हणशील तर ते बायकांचं खातं. शालूचं सोवळं-ओवळं असतंय, तिच्या आईनं शिकवल्यालं. देव्हाऱ्यात काय चालतं काय न्हाय ह्यात मी कधी मधी पडत न्हाय. गडी माणसानं पडू बी नये. तिला दुखवून मी काय मिळवू? आणि फुलं टाकून तर दिली न्हाईत न्हवं? सगळ्यांनी हुंगली, डोक्यात घातली, नावाजली. आणि काय पायजे?

तुम्हा लोकांचं हेच वाईट. जरा काय झालं की लगीच अंगाला लावून घेता. इतकी वर्सं संगट ऱ्हाऊन बी तुम्हा लोकांस्नी भरवसा म्हणून न्हाय.

असू दे. राग गिळ आणि मोगऱ्याचं लिही. पानं पिवळी पडाय लागल्यात.

हंबीर


बिद्री
१२ मे १९९९

श्री. हंबीरराव साळोखे यांस,

आजवर मी तुमच्यासाठी बाबासो होतो. बेण्या होतो, लेका होतो, आणि ते मला गोड लागत होतं. ह्या पत्रात 'तुम्ही लोक' झालो. तुम्ही 'तुम्ही' म्हणालात, तर मीही आता तुम्हीच म्हणतो.

डब्यातली चटणी खाल्लीत ती शाळेत. शाळेत चारचौघं बघत होते, म्हणून मिरवायला खाल्लीत. घरात कुणी बघत नव्हतं, तिथं एक फूल तुमच्यानं उचलून ठेववलं नाही. शालूबाईंच्या पदराआड लपताना लाज वाटायला हवी होती. भर मैदानात शिट्टी फुंकून दोन-तीनशे पोरांना सरळ उभं करणारा माणूस घरात एका फुलासाठी तोंड उघडत नाही, हे मला खरं वाटत नाही.

पानं पिवळी पडतात ती पाणी साचल्यामुळं. कुंडीच्या भोकातली माती मोकळी करा.

ह्यापुढे फुलं येणार नाहीत.

बा. सोनुले


शिवाजी पेठ
२२ एप्रिल २००२

बाबासो,

तीन वर्सं गेली. तू लिवलं न्हाईस, मी बी लिवलं न्हाय. मी तसा माघार घेणारा न्हाय हे तुला म्हाईत हाय. तरी लिवतोय.

आक्काचं झाड गेलं.

फेब्रुवारीत लेकीकडं पुण्याला गेलतो, तिचं ऑपरेशन होतं. तेवढ्यात गच्ची गळतीया म्हणून पोरानं डांबर मारून घेतलं. कामगारांनी कुंड्या उचलून कडंला पत्र्याला टेकवून ठेवल्या. पत्रा तापला. पाणी कुणी घातलं न्हाय, पोराला विचारलं तर म्हणतोय, पप्पा, मला काय म्हाईत पाणी घालाय लागतं. असली अवलाद! आलो तवा मोगऱ्याच्या जागी काटक्या उभ्या होत्या. मोडून बघितलं, आत हिरवं काय सुदीक न्हाय. बाबासो, मी आक्का गेली तवा रडलो नव्हतो. त्या काटक्या हातात घेऊन जिन्यात बसलो.

नर्सरीतनं एक मोगरा आणला. त्याचा वास साबणागत. दुसऱ्याच दिशी गुंडूला देऊन टाकला, त्याच्या प्लास्टिकच्या गुलाबाशेजारी शोभंल.

आता जगात आक्काचं झाड तुझ्या दारात तेवढं हाय. एक कलम दे. यंदा अखिती पंध्रा मेला हाय. मागचं काय झालं ते झालं, ते आता उकरून काढू नको. तुझ्यापुढं हात पसरायला मला काय आवडतंय असं न्हाय. पर आक्काच्या देवीला ह्यावर्षी फूल मिळालं न्हाय तर माझ्या जन्माला येऊन काय उपेग?

हंबीर


बिद्री
४ मे २००२

श्री. हंबीरराव साळोखे यांस,

पत्र मिळालं. त्यात माफीचा शब्द शोधला. पत्र्याचा, डांबराचा, पोराचा, साबणाचा सापडला. तो सापडला नाही.

तरी रोप पाठवतोय. तुमच्यासाठी नाही. ज्या बाईनं माहेरहून येताना दागिन्यांआधी झाड सांभाळलं, तिच्यासाठी.

खरं तर हा महिना कलम हलवायचा नाही. मृग लागेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं असतं, पण तुम्ही थांबणार नाही. म्हणून दोन पावसाळे पाहिलेलं, पिशवीत चांगलं रुजलेलं कलम निवडलंय. कळ्या धरल्यात. अखितीपर्यंत उमलतील.

पिशवी अलगद फाडा. मुळाभोवतीचा मातीचा गड्डा फुटू देऊ नका. गड्ड्यासकट तसंच कुंडीत बसवा आणि भोवतीनं तुमची माती भरा. वैशाखात मोगऱ्याचं मूळ उघडं पडलं की झाड गेलं, हे तुम्हीच मला निरोपसमारंभाच्या दिवशी शिकवलं होतं. चार दिवस सावलीत ठेवा.

रोप घेऊन संघप्रिया येणार नाही. माझ्या पोरीला मी आता तुमच्या जिन्यावर उभी करणार नाही. शनिवारच्या दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. स्टँडवरून उचला.

बा. सोनुले


शिवाजी पेठ
२३ मे २००२

बाबासो,

कसं लिहावं कळंना म्हणून आठ दिवस थांबलो.

रोप स्टँडवरनं मी सोता आणलं. मांडीवर घेऊन रिक्षानं आलो. पान न् पान टवटवीत होतं, कळ्या मोजल्या, बारा होत्या. तुझा हात आता बसलाय, मान्य करतो.

पर रोप गेलं रं.

झालं असं, की पिशवी फाडल्यावर मला वाटलं मातीत हुमणीची अळी असणार. तुमच्याकडं सगळा उसाचा पट्टा, हुमणी काय कमी न्हाय. माझ्या बाकीच्या कुंड्यांस्नी लागंल म्हणून मुळ्या घमेल्यात घालून स्वच्छ करून घेतल्या, आणि नव्या मातीत लावलं. शालू गडहिंग्लजला भावाकडं गेलती, घरात मी एकटाच, त्यामुळं निवांत, नीट काळजीनं केलं. सावलीत ठेवलं. दोन दिसात पानांनी माना टाकल्या. कळ्या तशाच करपल्या, एक बी उघडली न्हाय. अखितीला ह्यावर्षी बी विकतचाच गजरा.

आता मनात राग धरू नको. तुझ्या झाडाला फांद्या काय कमी न्हाईत. अजून एक खेप दे. ह्या बारीला पिशवीचा खटाटोप बी करू नको. माती नकोच. नुसत्या काड्या छाटून वल्या फडक्यात बांधून दे, मी लावून घेतो.

आक्काची आण हाय, एवढं कर.

हंबीर


बिद्री
३० मे २००२

श्री. हंबीरराव साळोखे यांस,

हुमणी मुळं खाते ती पावसाळ्यात. भर उन्हाळ्यात रोपाच्या मुळाशी हुमणी शोधणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या बिद्रीत हे शेंबडं पोरही सांगेल. आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं असं मी मानत नाही. तुम्ही आळशी नाही, अडाणी नाही. फुलझाडांतलं जे मला येतं ते निम्मं तुमच्याकडून आलंय.

म्हणजे तुम्ही जाणूनबुजून धुतलंत. मोगऱ्याची बारीक मुळं मातीला धरून असतात. माती सोडवताना ती तुटतात आणि तुटताना बोटांना कळतं. तुमच्या बोटांना कळलंच असणार. तरी तुम्ही थांबला नाहीत. किती पाणी बदललंत घमेल्यातलं? पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत ना?

शालूबाई घरी नव्हत्या असं तुम्हीच लिहिलंत. इतकी वर्षं मी मनात त्या बाईला दोष देत आलो. तो आज परत घेतो, त्यांना तसं सांगा. घरात तुम्ही एकटे होतात. अडवायला कुणी नव्हतं, सांगायला कुणी नव्हतं, रागवायला कुणी नव्हतं. आईचं शेवटचं झाड मांडीवर घेऊन आलात, कळ्या मोजल्यात, आणि मग ते आपल्या हातानं मारलंत. का, तर देवीच्या फुलाला माझ्या दारची माती लागेल म्हणून. आईचं झाड मेलं तरी चालेल, माझी माती नको. मला तुमचा राग येईल असं वाटलं होतं. राग यायला समोर माणूस लागतो. मला नुसती किळस आली.

काड्या मिळणार नाहीत.

आणि आक्कांचं झाड माझ्या एकट्याच्या दारात आहे असं तुम्ही लिहिलंत, तेही चूक आहे. दोन वर्षं झाली, वैशाखी पौर्णिमेला वस्तीत ज्याला हवं त्याला मी पिशवीत रुजलेलं कलम देतो, मृगात लावायला. पहिल्या वर्षी शेजारच्या मीनाबाईंनी विचारलं, मास्तर, कुठल्या जातीचा हो हा मोगरा? मला हसू फुटलं, थांबेना. त्या बिचाऱ्या बावरल्या. मग सांगितलं, जात विचारू नका, ह्याचं नाव आक्का. तेच नाव पडलं. परवा पौर्णिमेला विहारात बायका बोलत होत्या, आमची आक्का यंदा लवकर फुलली, तुमची फुलली का? तुमच्या आईला आमच्या दारोदार पाणी घालतात, हंबीरराव. तुमच्या घरात तिच्यासाठी कुंडीभर माती मिळाली नाही.

उत्तर पाठवू नका. हा कागद आमच्या घरातला आहे, आमच्याच हातानं लिहिलाय. वाचून झाला की हात धुवून घ्या.

जयभीम.

बाबासो सोनुले